हायड्रॉलिक क्लचची दुखणी: गॅरेजात रोज विचारले जाणारे प्रश्न

हातखंब्याच्या तिठ्यापासून जवळच आमचं गॅरेज आहे. गणपतीच्या आधीचे आठ दिवस आणि मेची सुट्टी, या दोन हंगामांत फोन खिशात राहत नाही. त्यात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचचे फोन भरपूर, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. बाकीचे कसेही वाचा, पण पहिले दोन सोडू नका. सगळा घोळ तिथेच होतो.

क्लच दाबला, तो खालीच गेला आणि वर आलाच नाही. क्लच प्लेट गेली का?

बहुतेक वेळा नाही. पेडल तळाला जाऊन बसणं हे तेलाचं दुखणं आहे, प्लेटचं नव्हे.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि तेल (हे ब्रेक ऑइलच असतं) पाइपातून खाली गिअरबॉक्सकडे ढकलतो. तिथे स्लेव्ह सिलिंडर असतो. त्याचा पिस्टन फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना, आणि मग कुठे क्लच प्लेट मोकळी होते. या वाटेत तेल बाहेर पळालं किंवा हवा आत शिरली की पायाखालचा जोर गेलाच. तेल दाबून लहान होत नाही, हवा होते. पाय दाबतो तो हवेला, फोर्क जागचा हलत नाही.

प्लेट झिजली की याच्या उलट होतं. पेडल ठीक असतं, गिअर लोण्यासारखे पडतात, पण गाडी ओढत नाही. इंजिन ओरडतं आणि गाडी आहे तिथेच.

मी शिकाऊ होतो तेव्हा हा फरक मला कळत नव्हता. पेडल बसलेली एक जीप आली. मी मोठ्या रुबाबात गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट टाकली, संध्याकाळी सगळं बसवलं, आणि पेडल परत खाली. स्लेव्हचा रबरी बूट मागे सरकवला तर आतून तेलाची धार लागली. सकाळी दोन मिनिटं वाकून बघितलं असतं तर दिवस वाचला असता. नव्या प्लेटचे पैसे मालकाने माझ्या पगारातून कापले, आणि बरोबर केलं.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं?

गाडी अंगणात सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा. आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, पेडल पूर्ण दाबून तेच करा. बंद असताना पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी तेल, मास्टर आणि स्लेव्ह बघा. बंद असतानाही पडत नसतील तर दुखणं गिअर लिव्हरच्या केबलमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये आहे, क्लचला उगाच दोष देऊ नका.

दुसरी खूण रिव्हर्सची. इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबलेलं, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला गिअर अलगद जुळवून घेणारा सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे प्लेट थोडी जरी फिरत राहिली तरी करकर ऐकू येते.

आता प्लेटची परीक्षा. सपाट मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने वरच्या गिअरमध्ये जा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबा. टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा झपकन वर गेला, वेग मात्र तसाच राहिला, तर प्लेट सरकते आहे. सोबत जळकट वास येत असेल तर शंकाच नको.

एक तिसरी गोष्ट बघायची, ती सांगताना लोक हसतात. पावसात पायाची लाल माती गाडीत लागू नये म्हणून मॅटवर मॅट, त्यावर वर्तमानपत्र, कुणी तर गोणपाट घालतं. ती घडी पेडलच्या मागे जाऊन बसते, पेडल दोन बोटं आधीच अडतं आणि गिअर करकरतात. मागच्या आषाढात एकाला मी फोनवरच मॅट काढायला लावली. पाच मिनिटांनी त्याचा परत फोन आला, आवाज जरा खालचा होता.

माझ्या गाडीत केबलचा क्लच आहे की हायड्रॉलिक?

पेडलच्या वर, इंजिनाच्या बाजूला बघा. काळ्या आवरणातली जाड वायर गिअरबॉक्सवरच्या आर्मला जोडलेली दिसली तर केबल. मारुती ८०० आणि अल्टो केबलवाल्या. ब्रेक ऑइलच्या डबीतून ब्रेकच्या सिलिंडरशिवाय आणखी एक बारीक रबरी नळी पेडलच्या दिशेला निघालेली दिसली, किंवा क्लचसाठी वेगळी छोटी डबी असली, तर हायड्रॉलिक.

ब्रेक ऑइल सारखं कमी होतंय, पण खाली एक थेंब दिसत नाही. जातंय कुठे?

तीन जागा आहेत, तिन्ही लपलेल्या.

पहिली तुमच्या पायाशी. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की तेल बाहेर न पडता पुशरॉडवरून (पेडल आणि पिस्टनमधल्या दांड्यावरून) गाडीच्या आत येतं. पेडलच्या दांड्यावर वरच्या बाजूला बोट फिरवा, ओलसर लागेल. खालचं कार्पेट चिकट झालेलं असतं. पावसाळ्यात सगळंच ओलं, त्यामुळे लोकांना ते छत्रीचं पाणी वाटतं.

दुसरी स्लेव्हच्या बुटात. रबरी बूट तेल धरून ठेवतो, भरल्याशिवाय गळत नाही. त्याची कड नखाने उचलून बघा.

तिसरी जागा त्रासाची. नव्या बऱ्याच गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसतोच. तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असतो, बेअरिंगसकट. तो गळला की तेल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून खालून ठिबकतं, तेही उशिरा. तिथे इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलही गळू शकतं, मग कुठलं ते कसं ओळखायचं? वाटीभर पाणी घ्या आणि थेंब त्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन किंवा गिअर ऑइल वर तवंग धरतं, डाळीवरच्या फोडणीसारखं. वाटी मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

डबी दोघांची एकच असली तर क्लचची नळी सहसा थोडी वर लावलेली असते. क्लचचं तेल गळून संपलं तरी ब्रेकचा साठा शिल्लक राहावा म्हणून. याचा अर्थ निश्चिंत राहा असा नाही. पातळी उतरली की ती ब्रेकमुळे उतरली की क्लचमुळे हे शोधावंच लागतं. ब्रेक पॅड झिजले तरी पातळी हळूहळू खाली येते, ती गळती नव्हे.

दोन-तीनदा पंप मारला की गिअर पडतो. असंच चालवलं तर चालेल?

चालेल, ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवसापर्यंत. पंप मारल्यावर पेडल वर येतं म्हणजे आत हवा आहे, नाहीतर मास्टरचं सील थकलंय. सिग्नलला पेडल दाबून थांबलात आणि गाडी आपोआप पुढे सरकायला लागली, डबीतली पातळी मात्र जिथल्या तिथे, तर मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. बाहेर गळती नाही म्हणून कुणाला पटत नाही.

अशी गाडी दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढवू नका. उतारावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलायची, खलाशी बोटभर जागा दाखवून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतोय, मागे रांग. तिथे पेडल बसलं तर गाडी पुढच्याच्या डिकीत जाते.

घाटात क्लच गेला, अर्धा तास थांबल्यावर परत आला. भूत आहे का?

भूत नाही, पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरलेला असू शकतो. डॉट ३ चा २०५ वरून १४० वर. आंबा घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना सारखा क्लच दाबला जातो, इंजिन तापतं, एक्झॉस्ट जवळ असेल तर स्लेव्ह आणि पाइपही भाजून निघतात. तेलातल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल पोकळ. थंड झालं की वाफेचं परत पाणी आणि क्लच जागेवर. तेल बदला. दुखणं तरीही राहिलं तर सिलिंडरकडे वळा.

थांबल्यावर जळका वास येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तेल नाही, प्लेट भाजली आहे, आणि ती बहुतेक आपल्याच पायाने. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक त्यासाठीच आहे.

ऑइल कुठलं घालायचं? डॉट ५ जास्त नंबरचं म्हणजे चांगलं ना?

नाही, इथे नंबर फसवतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एका कुळातली, ग्लायकॉलची. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. नव्या गाड्यांत सहसा डॉट ४ असतं.

आणि कृपा करून इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल किंवा ‘थोडंसं दुसरं काहीतरी’ ओतू नका. खनिज तेलाने आतले रबर फुगतात. एकाने कशेडी घाटात कुणाकडून तरी उरलेलं ऑइल घेऊन डबीत ओतलं. इथे पोचेपर्यंत ब्रेकही जड व्हायला लागले होते, कारण डबी एकच. मास्टर, स्लेव्ह, ब्रेकचे सगळे सिलिंडर, होस (रबरी पाइप), सारं बदलावं लागलं.

साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं. आमच्याकडे ओलाव्याला तोटा नाही, त्यामुळे मी यात ढिलाई करत नाही. ताजं तेल फिक्या मधासारखं दिसतं. कोऱ्या चहासारखं काळं झालं असेल तर ओलावा मुरलाय किंवा आतलं रबर झिजून त्यात उतरतंय. वर्षभर कपाटात उघडी पडलेली अर्धी बाटली नवी समजू नका.

हवा घरी काढता येईल का?

स्लेव्ह बाहेर असेल तर येईल. दोन माणसं लागतात: एक पेडलवर, एक गाडीखाली. घरातला जो माणूस सांगितलेलं तेवढंच करतो, त्याला पेडलवर बसवा.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा. चिऱ्याचे दगड रचून त्यावर गाडी ठेवणारे मी पाहिलेत. जांभा कधी फुटेल त्याचा नेम नाही.

डबीवरची धूळ पुसून मगच झाकण उघडा, तेल वरपर्यंत भरा. स्लेव्हवरच्या ब्लीड निपलला, म्हणजे हवा काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावा आणि नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. वरच्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि ‘धरलं’ म्हणायचं. खालच्याने निपल अर्धा आटा सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे येतील. ते थांबले की निपल बंद, मगच ‘सोड’. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत. क्लचचं पेडल कधीकधी आपोआप वर येत नाही, पायाच्या चवड्याने उचलून घ्या. दर चार-पाच वेळांनंतर डबीत तेल घाला. डबी रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून.

काही गाड्यांत कितीही केलं तरी हवेचा एक गोळा वरच्या वाकात अडकून बसतो. मग आम्ही उलटं करतो: निपलमधून मोठ्या सिरिंजने तेल हळूहळू वर चढवतो. हवेला वर जायचंच असतं, तिला तिच्याच वाटेने जाऊ द्यायचं. हे करताना डबी वरून वाहू शकते, आधी थोडं तेल काढून घ्या.

आपल्या भागातली खरी अडचण निपलची आहे. मिरकरवाडा बंदरावरून मासळी नेणाऱ्या पिकअप बघा, बर्फाचं खारट पाणी रोज चेसिसवर गळतं. निपल गंजून एकजीव झालेलं असतं. घाईत ओपन पाना लावला की कडा गोल होतात, आणखी जोर लावला की निपल तुटून अर्धं आत. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी हलक्या हाताने ठोका, आणि बरोबर मापाचा रिंग पानाच लावा. तरी हललं नाही तर थांबा.

स्लेव्ह आतला असेल तर पेडल धपाधप मारू नका, त्याचं सील बाहेर येऊ शकतं. हे काम गॅरेजवर सोडा. तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

गाडी गावच्या घरी चार महिने उभी होती. पेडल ठणठणीत, पण एकही गिअर पडत नाही.

पाऊसभर उभ्या गाडीचं हे नेहमीचं. समुद्राजवळची दमट हवा, त्यात गाडी धुऊन लगेच उभी केलेली. फ्लायव्हीलवर (इंजिनाला जोडलेल्या जड चाकावर) गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. तेल ठीक, सिलिंडर ठीक, पेडलही ठीक. गाडी बंद असताना गिअर पडतात, चालू असताना नाहीत.

आधी सोपा उपाय. पेडल दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकडाची फळी अडकवा, रात्रभर राहू द्या. कधी कधी सकाळी ‘टक’ आवाज होऊन प्लेट सुटलेली असते. नाही सुटली तर इंजिन गरम करा, बंद करा, गाडी मोकळ्या मैदानात ढकलत न्या. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबूनच चावी मारा. गाडी चालायला लागेल. पेडल दाबलेलंच ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा, असे हलके झटके द्या. समोर पोरंटोरं, गुरं, गडगा नको, आणि विहिरीच्या दिशेने तर मुळीच नको. इतकं करून सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. गाडी उभी ठेवणार असाल तर पंधरा दिवसांनी कुणाला तरी ती चालू करून थोडी फिरवायला सांगा.

पुराच्या पाण्यात गाडी बुडली होती. क्लचचं काय?

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, त्यानंतर अशा कितीतरी गाड्या बघायला मिळाल्या. बेल हाउसिंग पाणबंद नसतं, चिखल थेट प्लेटपर्यंत जातो. डबीच्या झाकणातून पाणी गेलं असेल तर तेल पूर्ण काढून नवं भरा, ब्रेकचंही. बेअरिंगमधलं ग्रीस धुपलेलं असतं, ते काही दिवसांनी किरकिरतं. नुसत्या ओढ्यातून गाडी काढल्यावर क्लच थोडा वेळ सरकला किंवा गचके दिले तर घाबरू नका, वाळला की येतो ताळ्यावर.

पेडल जड झालंय, किंवा दाबल्यावर हळूहळू वर येतं.

नुसतं जड असेल तर तेलाचा संबंध कमी. प्रेशर प्लेट थकली आहे किंवा फोर्कचा टेकू कोरडा पडलाय. सावकाश वर येत असेल तर होस आतून फुगलाय का बघा. तेल जोराने खाली जातं, पण परत यायला वाट नाही.

इथे पहिल्या प्रश्नातल्या नियमाला एक अपवाद सांगून ठेवतो. पेडलच्या पुशरॉडला थोडा फ्री प्ले (मोकळी हालचाल) हवा. कुणी ‘क्लच वर घेऊन देतो’ म्हणत तो पूर्ण काढला, तर मास्टरचा पिस्टन कधीच पूर्ण मागे जात नाही, तेल परतायचं भोक झाकलेलं राहतं आणि क्लच कायम थोडा दाबलेला. मग नवी कोरी प्लेटही सरकते आणि जळते. नवी प्लेट टाकून महिन्यात गेली, अशी तक्रार आली की मी आधी हे बघतो.

नुसतं रबर किट टाकू की पूर्ण सिलिंडर?

सिलिंडरच्या आत नख फिरवा. गुळगुळीत असेल तर किट चालतं. गंजाचे खड्डे लागले तर किटचे पैसे वाया, नवं सील त्याच खड्ड्यावर घासून महिन्याभरात जाणार. किनाऱ्यालगतच्या गाड्यांना मी सहसा पूर्ण सिलिंडरच सुचवतो. आणि स्लेव्ह आतला असेल, प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तर तोही तेव्हाच बदला. बाहेरचा स्लेव्ह तासा-दीड तासाचं काम. आतल्यासाठी दिवस जातो.

रस्त्यातच क्लच गेला. गॅरेजपर्यंत कसं येऊ?

घाटात असाल तर येऊ नका. कडेला घ्या, चाकांना दगड लावा, फोन करा.

सपाट, रिकामा रस्ता असेल आणि अंतर थोडं असेल तर जमतं. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि चावी मारा, गाडी स्टार्टरवरच उचलते. नव्या गाड्यांत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर लागत नाही, तिथे दाबा, पण गाडी झटक्याने पुढे जाणार हे ध्यानात ठेवा. पुढचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडा आणि लिव्हर अलगद ओढा, जबरदस्ती नको. थांबायच्या आधी न्यूट्रल. बाजारातून जायचं असेल तर हा खेळ नकोच.

गळती थोडीच आहे. सणापुरतं तेल टाकत-टाकत चालवू का?

बाहेरचा स्लेव्ह झिरपत असेल आणि मुंबईला परतायचंय, तर लोक चालवतात हे मला माहीत आहे. मी नाही म्हणून तुम्ही थांबणार नाही. मग निदान दर सकाळी डबी बघा आणि सीलबंद बाटली सोबत ठेवा. उघडलेली असेल तर झाकण घट्ट लावून, प्लास्टिकच्या पिशवीत, उभी. एका गिऱ्हाइकाची डिकीत आडवी पडली होती, खाली दोन डझन हापूसची पेटी. क्लच आम्ही दुरुस्त करून दिला, आंबे टाकून द्यावे लागले.